जेट स्कीच्या बुडात पुन्हा पुन्हा पाणी येतंय? नुसतं सील बदलून भागणार नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "शाफ्टचं सील बदललं, काही आठवडे ठीक चाललं, आता परत पाणी धरायला लागली." गाडी तापोळ्याची असो, बामणोलीची, धोमची नाहीतर कण्हेरची. मालकाला वाटतं पार्ट डुप्लिकेट निघाला. मेकॅनिक म्हणतो, पोरं गाडी नीट चालवत नाहीत. आणि तिसरं सील मागवलं जातं.

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून मागच्या पंपापर्यंत जाणारा फिरता दांडा, आणि तो हलमधून (गाडीच्या कवचातून) आत येतो तिथे पाणी अडवतं ते सील. माझं मत असं की हे सील सहसा आपल्या मरणानं मरत नाही. मागे पंपाचं बेअरिंग गेलेलं असतं, पुढे इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असतं, शाफ्टला खड्डे पडलेले असतात, नाहीतर गाडी कोरडी चालवलेली असते. ते कारण तसंच ठेवून नवं सील घातलं की तेही त्याच वाटेनं जातं. दुसरी गोष्ट, बुडात आलेलं पाणी शाफ्टमधूनच आलंय हे निम्म्या वेळा कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघण्यात घालवा.

पाणी किती, आणि कधी

बुडात तांब्याभर पाणी निघालं तर डोक्याला ताप करून घेऊ नका. माणसं ओल्या अंगानं बसतात, सीट उघडझाक होते, हवेच्या वाटेनं शिंतोडे जातात. बादलीभर निघालं तर मात्र शोध घ्यायलाच हवा. गाडी ट्रेलरवर ओढून घ्या, नाक वर ठेवा, मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढा आणि किती वेळ धार लागते ते बघा. पाणी संपल्यावरही तासन्‌तास ठिबकत राहिलं आणि गाडी नेहमीपेक्षा जड वाटली, तर हलमध्ये भरलेला फोम पाणी प्यालेला असू शकतो. तो वेगळाच आजार आहे आणि त्याला औषध फारसं नाही.

आता मुख्य प्रश्न: पाणी कधी येतं? नुसती उभी असताना, इंजिन चालू असताना, की वेगात असताना? या तीन उत्तरांवर सगळा तपास उभा आहे.

उभ्या गाडीची चाचणी सोपी आहे. बूड कापडानं पूर्ण कोरडं करा. गाडी ट्रेलरला पट्ट्यानं बांधलेलीच ठेवून मागचा भाग पाण्यात जाईल इतका ट्रेलर मागे घ्या. सीट काढा, बॅटरी काढून ठेवा आणि टॉर्च घेऊन बसा. शाफ्ट जिथे हलमधून आत येतो तिथे, ड्रेन प्लगच्या आतल्या बाजूला, स्टिअरिंग आणि रिव्हर्सच्या केबल जिथे आत शिरतात तिथे टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवा. ओला कुठला होतो ते बघा. अर्धा तास बसायची तयारी ठेवा, कारण केबलच्या रबरातून येणारं पाणी अगदी थेंबाथेंबानं येतं.

उभ्या गाडीत थेंबही आला नाही, तर दुसरी चाचणी जमिनीवर. धुण्याच्या नळीला गाडी जोडा, इंजिन चालू करा, मग पाणी सोडा. क्रम उलटा करू नका. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टच्या वाटेनं मागे चढून सिलेंडरमध्ये जाऊ शकतं. बंद करतानाही आधी पाणी, मग इंजिन. जमिनीवर असताना बुडात पाणी जमायला लागलं, तर शाफ्टचा काही संबंध नाही. एखादी कूलिंगची नळी, एक्झॉस्टचा रबरी पाइप किंवा त्याची क्लिप गळतेय. एवढ्या एका चाचणीनं कितीतरी लोकांचा सीलचा खर्च वाचला असता.

ही चाचणी आटोपती घ्या. सी-डू या ब्रँडच्या जेट स्कींच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की पाण्याबाहेर इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, कारण शाफ्टच्या सीलला तिथे थंडावा मिळत नाही. क्लबवर सकाळी गाडी जेटीवर चढवून "बॅटरी चार्ज होऊ दे" म्हणून पंधरा मिनिटं घुमवत ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. नळी लावलेली असली तरी ते पाणी एक्झॉस्टला जातं, सीलला नाही. सील कोरडंच तापत राहतं.

उभ्यानंही नाही, जमिनीवरही नाही, फक्त फेरी मारून आल्यावरच पाणी. मग संशय फिरत्या भागावर, म्हणजे शाफ्टच्या सीलवर. याची खूण फार नेमकी असते. सीलमधून निसटलेलं पाणी फिरत्या रिंगवर पडलं की ते गोल फेकलं जातं. हलच्या आतल्या भिंतींवर, वर सीटच्या खालच्या बाजूला, सीलच्या बरोबर समोर एका रेषेत ओलीचा पट्टा उमटतो. जुना असेल तर तिथे मातकट डागही दिसतो. नीट दिसावं म्हणून फेरीच्या आधी भिंतींवर पातळ टाल्कम पावडर मारून ठेवा. शाफ्टजवळ कागद किंवा फडकं ठेवू नका, ते गुंडाळलं जाईल. आणि इंजिन चालू असताना सीट काढून आत वाकू नका. गळ्यात टॉवेल असेल तर मुळीच नाही.

शाफ्टचं सील आतून कसं असतं

सी-डूच्या बहुतेक गाड्यांत कार्बन सील असतं. हलच्या नळकांड्यावर रबरी बेलो (सुरकुत्यांची लवचीक नळी) क्लिपनं आवळलेला असतो. बेलोच्या पुढच्या टोकाला कार्बनची रिंग, ती फिरत नाही. तिच्यासमोर स्टीलची रिंग, ती शाफ्टबरोबर फिरते, तिच्या आत ओ-रिंग (रबराच्या गोल कड्या) असतात आणि पुढे सरकू नये म्हणून शाफ्टच्या खाचेत सर्क्लिप (तारेची उघडी कडी) असते. बेलो स्प्रिंगसारखा कार्बनला पुढे दाबत राहतो आणि कार्बन व स्टील यांची दोन सपाट तोंडं एकमेकांवर घासत पाणी अडवतात. बस्स, एवढंच यंत्र आहे.

म्हणजे पाण्याला तीन वाटा. दोन तोंडांच्या मधून, स्टील रिंगच्या आतून शाफ्टला लगटून, आणि बेलो फाटला किंवा क्लिप ढिली झाली तर तिथून. कोणती वाट आहे हे ओळखल्याशिवाय सगळं खोलून नवं बसवणं म्हणजे नशिबावर हवाला.

तोंडांच्या मधून येत असेल तर आजूबाजूला काळी ओलसर भुकटी दिसते. तो झिजलेला कार्बन. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याला मीठ नाही, म्हणून आपल्याकडे गाडी धुवायचा आळस होतो. पण इथला त्रास मिठाचा नाही, मातीचा आहे. पावसाळ्यानंतर पाण्यात तांबडा गाळ बारीक तरंगत असतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठ चिखलाचा होतो, जुन्या शेतांचे बांध आणि दगड वर येतात, आणि जेटीजवळ पाणी गुडघाभरच उरतं. तिथे गाडी चालू केली की पंप खालचा गाळ आणि खडी ओढून घेतो. खडी इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या पंख्याची) पाती मोडते आणि बारीक कण कार्बनच्या तोंडावर ओरखडे काढतात. कमरेइतकं पाणी येईपर्यंत गाडी हातानं ढकलत न्यायची, मग चालू करायची. पोरांना हा नियम आवडत नाही, पर्यटक वर बसलेला असताना ढकलायला कोणाला आवडेल? पण मे महिन्यात जेवढे कार्बन जातात त्यातले बरेच याच कारणानं जातात.

कार्बन काढून उजेडात बघा. तोंड एकसारखं मऊ काळं असावं. गोल ओरखडे असतील, कड तुटली असेल, किंवा एका बाजूनं जास्त आणि दुसऱ्या बाजूनं कमी झिजलं असेल, तर टाकून द्या. एका बाजूची झीज ही फार बोलकी खूण आहे, तिच्याकडे परत येतो. स्टीलच्या रिंगच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडकलं तर तीही बदला. नवा कार्बन जुन्या ओरखडलेल्या स्टीलवर बसवणं म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून कानसणं. मी तर कार्बन, स्टील रिंग, आतल्या ओ-रिंग आणि बेलो असा पूर्ण संच एकदमच घालावा या मताचा आहे. हे पार्ट सातारा-कराडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. एकेक मागवत बसलात तर हंगाम निघून जाईल.

काही जण काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून कार्बन घासून सपाट करतात. अडचणीच्या वेळी चालतं, आठवडाभर गाडी निघते. कायमचा उपाय समजू नका. आणि तोंडांना ग्रीस लावू नका. ग्रीस लावायचं ते ओ-रिंगला, पातळसं. ग्रीस लागलेल्या तोंडावर गाळ चिकटतो. सिलिकॉन किंवा एम-सील फासलेली सीलं तर मी पाहिली आहेत, त्यावर काय बोलणार.

बेलोची तपासणी डोळ्यांपेक्षा हातानं होते. गाडी जमिनीवर, किल्ली काढलेली. कार्बन बोटांनी मागे दाबून सोडा. जोरात परत येऊन स्टीलवर बसला पाहिजे. आळसावल्यासारखा आला तर बेलोची ताकद गेली. असा बेलो उभ्या गाडीत पाणी अडवतो, पण वेगात हादरे बसले की तोंडं क्षणभर सुटतात आणि पाणी येतं. सुरकुत्यांच्या आत बोट फिरवून चिरा बघा. चीर नेहमी खोबणीत लपलेली असते, वरून दिसत नाही.

स्टील रिंगच्या आतून येणारं पाणी

सील बदलूनही पाणी थांबत नाही तेव्हा बहुधा इथेच गोम असते. आपल्या भागात सेकंडहँड गाड्या पुष्कळदा मालवण, तारकर्ली, अलिबाग अशा किनाऱ्यावरून येतात. गोड्या पाण्यात आल्या म्हणून जुनं मीठ विसरतं असं नाही. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असला तरी ओ-रिंगच्या खाली, जिथे हवा लागत नाही आणि खारं पाणी साचून राहतं, तिथे त्याला बारीक खड्डे पडतात. वरून शाफ्ट चकचकीत दिसतो. रिंग सरकवली की खाली देवीच्या व्रणांसारखे डाग. त्या खड्ड्यांतून पाणी नव्या ओ-रिंगच्याही खालून जातं. तुम्ही कितीही भारी सील घाला.

उपाय शाफ्ट बदलण्याचा. लेथवाल्याकडे नेऊन वेल्डिंग भरून घासून आणायचा मोह होतो, कारण एमआयडीसीत हात चांगले आहेत आणि पैसे कमी लागतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्ट किंचित वाकतो, आणि हा शाफ्ट इंजिनाच्या वेगानं, मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांच्या पुढे फिरतो. किंचित वाकणंही तिथे पुरेसं आहे. खड्डे अगदी उथळ असतील तर बारीक पॉलिशनं चालून जाईल. नख अडकत असेल तर नवा शाफ्ट.

सर्क्लिप बसवताना कंजुषी नको. जुनी वाकलेली क्लिप पक्कडीनं दाबून परत घालू नका. ती खाचेत पूर्ण बसली पाहिजे, आणि बेलो सोडल्यावर स्टील रिंगचा काठ तिच्यावर येऊन ती झाकली गेली पाहिजे. ती निसटली तर रिंग पुढे सरकते, कार्बन सुटतो आणि पाणी ठिबकत नाही, लोटतं.

मग सील मरतं कशानं

वर म्हटलं ती एका बाजूची झीज. कार्बन एकीकडे जास्त खाल्ला गेला असेल तर शाफ्ट हलच्या नळकांड्यातून सरळ मधोमध जात नाहीये. शाफ्टचं एक टोक इंजिनाच्या कपलिंगमध्ये (जोडात), दुसरं पंपातल्या इम्पेलरमध्ये. दोघांपैकी एक जण जागेवरून हललेला आहे.

इंजिनाकडून सुरुवात करा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबर वर्षानुवर्षं तेल पिऊन मऊ होतं, फाटतं, नाहीतर बोल्ट ढिला होतो. बार घेऊन इंजिन हलकेच उचलून बघा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त उठला तर तिथलं माउंटिंग गेलं. कपलिंगच्या तोंडाशी गंजासारखी तांबडी भुकटी दिसली तर स्प्लाइन (शाफ्ट आणि कपलिंगचे एकमेकांत बसणारे दाते) एकमेकांना खातायत, म्हणजे रेषा चुकलेली आहे. बामणोलीकडच्या एका गाडीचं हेच होतं. सील नवं घालायचे, पंधरा-वीस दिवसांत काळी भुकटी. पार्ट बदलणाऱ्यानं पुढे कपलिंगकडे कधी बघितलंच नव्हतं. माउंटिंगचा मागचा एक बोल्ट हातानं फिरत होता. तो बदलून, खाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून इंजिन रेषेत आणलं, मग साधं सीलसुद्धा हंगामभर टिकलं.

रेषा जुळवायची खास हत्यारं असतात, इंजिन-पंपाच्या मधली सरळ दांडी आणि मागे बसणारी पट्टी. ती नसतील तर निदान एवढं तरी करा: पंप उतरवलेला असताना शाफ्ट हातानं कपलिंगमध्ये सरकवा. जोर न लावता, कुठेही न अडता गेला पाहिजे. फिरवून चार वेगवेगळ्या जागी घालून बघा. एका जागी अडला तर शाफ्ट वाकलाय, सगळीकडे अडला तर इंजिन हललंय.

आता मागची बाजू. पंपाच्या आत बेअरिंग असतात, मॉडेलप्रमाणे तेलात किंवा ग्रीसमध्ये. पंपाच्या शंकूचं झाकण उघडून बघा. आतलं तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. हे पाणी हलमध्ये येत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण पाणी शिरलेलं बेअरिंग थोड्याच दिवसांत खडखडायला लागतं, इम्पेलर डगमगतो, त्याच्याबरोबर शाफ्ट डगमगतो, आणि पुढे सील मरतं. पाणी दिसतं पुढे, रोग असतो मागे. इम्पेलर हातानं धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. किंचितही खुळखुळ नको. फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग संपलं. बेअरिंगवर नंबर असतो, तो घेऊन साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या चांगल्या बेअरिंगच्या दुकानात गेलात तर बऱ्याचदा तसंच मिळतं. बेअरिंगबरोबर पंपाची सीलं आणि ओ-रिंगही बदलाच, नाहीतर नव्या बेअरिंगलाही तेच पाणी मिळेल.

पंप उतरवलाच आहे तर इम्पेलरची पाती आणि त्याच्याभोवतीची वेअर रिंग बघून घ्या. एक पातं दगडानं वाकलं की तोल जातो आणि कंप सुरू होतो. वेअर रिंग आणि पात्याच्या टोकात फट वाढली की गाडी ओढत नाही, इंजिन ओरडतं, वेग मिळत नाही. अर्धा मिलिमीटरची फट म्हणजे खूप झाली. सांगलीकडच्या मंडळींना कृष्णेत जलपर्णीचा ताप वेगळा. ती पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकली तरी गाडी अशीच ओरडते, पण तिथे काही तुटलेलं नसतं, जाळी साफ केली की झालं.

जाळी म्हटलं की तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आठवतो. तापोळ्याच्या पाण्यात मासेमारी चालते, तुटलेली जाळी तरंगत असतात. एकदा पंपात ओढला गेलेला तंगूस शाफ्टला करकचून गुंडाळला जातो आणि सरकत सरकत पुढे बेलोच्या नळकांड्यात शिरतो. बाहेरून इम्पेलर साफ दिसतो, आत नायलॉनचं वेटोळं बसलेलं असतं. सील खोललं की नळकांड्यात बोट घालून चाचपून बघायची सवय लावा. आणि पंपाच्या आसपास हात घालायच्या आधी किल्ली, म्हणजे मनगटाला बांधायची ती सुरक्षादोरी, खिशात. दुसऱ्या कोणाच्या हातात नाही, तुमच्या खिशात.

यामाहा आणि कावासाकी

यांच्यात सहसा कार्बनची तोंडं नसतात. शाफ्ट हलमधून आत येतो तिथे बेअरिंगचं घर असतं आणि त्यात ओठांची रबरी सीलं, मध्ये ग्रीस. दुखणं तेच, लक्षणं वेगळी. काळ्या भुकटीऐवजी ग्रीस बाहेर फेकलेलं दिसतं, आणि पाणी मिसळल्यावर ते राखाडी लोण्यासारखं होतं. ग्रीसचं निप्पल असेल तर वेळापत्रकाप्रमाणे ग्रीस द्या, पण पंप मारत सुटू नका. जास्त दाबानं सीलचा ओठ उलटतो किंवा सील जागेवरून सरकतं, आणि मग ग्रीस देऊन देऊन आपणच गळती तयार करतो.

ही सीलं मापावर मिळतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. घेताना आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का विचारा. साध्या स्प्रिंगचं मोटारसायकलचं सील मापाला बसतं, किमतीलाही बरं वाटतं, आणि एका पावसाळ्यात स्प्रिंग गंजून तुटते. बसवताना ओठ पाण्याच्या बाजूला कोणत्या सीलचा आणि बेअरिंगच्या बाजूला कोणत्या सीलचा, हे जुनं काढण्याआधी फोटो काढून ठेवा. उलटं बसलेलं सील पहिल्या फेरीलाच पाणी देतं. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर खाच पडली असेल तर नवं सील त्याच खाचेत बसून गळणार, हे वर सांगितलंच.

या गाड्यांत इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगमध्ये रबरी तुकडे असतात. ते चुरगळले की बुडात काळे रबराचे कण सापडतात. त्याला कार्बनची भुकटी समजू नका. रबर चिमटीत दाबलं की मऊ लागतं.

शाफ्टशी संबंध नसलेलं पाणी

सगळ्यात फसवं पाणी बेलरचं. बुडातलं पाणी ओढून काढायला पंपाच्या नोझलपासून दोन बारीक नळ्या आत आलेल्या असतात. गाडी वेगात असताना नोझलमधल्या झोतानं तिथे दाब कमी होतो आणि पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. त्या नळीच्या सर्वांत उंच वळणावर एक छोटंसं भोक असतं. इंजिन थांबलं की त्यातून हवा शिरते आणि नळीतला प्रवाह तुटतो. ते भोक गाळानं किंवा कोळ्याच्या जाळ्यानं बुजलं की तीच नळी उलट्या दिशेनं बाहेरचं पाणी आत ओढायला लागते. लक्षण ठरलेलं: फेरी मारून गाडी जेटीला बांधली, जेवायला गेलात, परत आलात तर मागचा भाग खाली बसलेला. सकाळी पहिल्यांदा पाण्यात उतरवलेली तीच गाडी मात्र तासभर कोरडी. भोकात टाचणी घालून मोकळं करा, नळीच्या खालच्या टोकाची गाळणी धुवा. काही न तुटता, काही न बदलता गळती संपते.

ड्रेन प्लगच्या ओ-रिंग सुकतात, आटे वाकडे बसतात. ओ-रिंग बदला, पुढे चला. केबलची रबरी टोपी फाटली असेल तीही तशीच. पंप आणि हलच्या मधलं पॅकिंग गेलं तर पाण्यापेक्षा हवा ओढली जाण्याचा त्रास जास्त, गाडी सुटताना इंजिन मोकळं ओरडतं. दगडावर घासून हलला तडा गेला असेल तर ट्रेलरवर बूड नीट वाळू द्या. वाळल्यावरही जी रेघ ओली राहते तो तडा.

बुडातल्या पाण्यावर तेलाची साय दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ड्रेन प्लग पाण्यात असताना उघडू नका. कोयनेचं पाणी खाली लोक पितात. काठावर, बादलीत काढा, तेल शोषणारं फडकं वापरा. पेट्रोलचा वास असताना सीट उघडी ठेवून वारा खेळू द्या, मगच किल्ली लावा. आणि इंजिनच्या डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ असेल तर गाडी अजिबात चालू करू नका. ते सीलचं काम राहिलं नाही.

मध्यभागी असताना पाणी भरायला लागलं तर

मागचा भाग जड झाला, गाडी उठेना, हे लक्षात आलं की पहिली प्रतिक्रिया इंजिन बंद करून बघण्याची असते. ते करू नका. गाडी चालती असेपर्यंत बेलर पाणी ओढत असतो. थांबलात की ओढणं थांबतं आणि मागचा भाग बसतो. सरळ जवळच्या मऊ काठाकडे, एकसारख्या वेगानं, आणि काठावर चढवूनच थांबा. इंजिनात पाणी जायच्या आत. ज्यांच्या गाड्या भाड्यानं चालतात त्यांनी 12 व्होल्टचा आपोआप चालू होणारा छोटा बिल्ज पंप (बुडातलं पाणी उपसणारा) बसवून घ्यावा. एका इंजिनाच्या कामाच्या मानानं त्याचा खर्च काहीच नाही. पण तो गळतीवरचा इलाज नव्हे. बिल्ज पंप असलेल्या गाडीत गळती महिनोन्‌महिने लपून राहते, म्हणून दर संध्याकाळी प्लग उघडून पाणी बघायचंच.

बसवल्यानंतर

नवा संच बसवला की बूड कोरडं करा, पावडर मारा, पाण्यात उतरवून अर्धा तास नुसती उभी ठेवा. मग काठाकाठानं हळू फेरी, परत येऊन सीट काढून बघा. मग वेगात. नव्या कार्बनचं तोंड स्टीलवर बसेपर्यंत पहिल्या तासा-दोन तासांत थोडी काळी भुकटी आणि किंचित ओल दिसू शकते. ती पुसा आणि परत चालवा. दुसऱ्या दिवशीही तेवढीच भुकटी दिसली तर रेषा परत तपासा, सील उगाच खोलू नका. बेलोच्या क्लिप पहिल्या दिवसानंतर पुन्हा एकदा आवळून बघा, नवं रबर बसतं आणि क्लिप ढिली पडते.

जूनमध्ये गाड्या वर चढल्या की चार महिने शेडमध्ये पडून असतात. सीट घट्ट बंद करून ठेवली तर आत दमट कोंडतं, उघडी ठेवली तर उंदीर घर करतात आणि बेलो कुरतडतात. सीट किंचित उचललेली, फटीला बारीक तारेची जाळी, ड्रेन प्लग काढलेले, असं ठेवा. काढलेले प्लग हँडलला दोरीनं बांधा. दिवाळीच्या गर्दीत पहिली गाडी पाण्यात ढकलताना प्लग लावायचे राहिले आणि सगळ्यांनी मिळून सीलला शिव्या घातल्या, असंही दरवर्षी कुठेतरी होतंच.